तीन शब्द वाचता येईपर्यंत

९ जानेवारी

सकाळी सात वाजून सहा मिनिटांनी पहिले तीन शब्द लागले, संध्याकाळी पाच अठ्ठावीसला शेवटचे. म्हणजे आजचा दिवस दहा तास बावीस मिनिटांचा.

ही पद्धत हिची. ही म्हणजे माझी बायको. तिला जाऊन सहा वर्षे झाली, पण वहीत मी तिला अजून हीच म्हणतो. अकरा वर्षांपूर्वी मी छापखान्यातून निवृत्त झालो आणि घरात येरझारा घालू लागलो, तेव्हा हिने मला हा उद्योग लावून दिला. खिडकीशी बसायचे, दिवा लावायचा नाही. जाडा शब्दकोश डोळे मिटून कुठेही उघडायचा, बोट ठेवायचे आणि तिथले तीन शब्द वाचायचे. वाचता आले तर अजून दिवस आहे. नाही आले की वेळ लिहायची आणि मग दिवा. मी म्हटले होते, शाळेतल्या कवितांचे पुस्तक घेऊ. ही म्हणाली, "नको. ते तुम्हाला पाठ आहे. तुम्ही ठार अंधारातसुद्धा वाचून दाखवाल." शिवाय माझ्या मुद्रितशोधकाच्या डोळ्यांवर तिचा भरवसा नव्हता. अर्ध्या शब्दावरून मी पुढचा ओळखतो, म्हणे. म्हणून वाचायची ही आणि लिहायचो मी. ती गेल्यावर दोन्ही कामे माझ्याकडे आली.

आज हे सगळे आठवायचे कारण, बागेचा किल्लीदार दुपारी आला आणि उंबऱ्यातच उभा राहिला. कमरेला जुडगा, चेहरा उतरलेला.

"काका, आपली संध्याकाळ गेली," म्हणाला.

बागेवर नवे अधीक्षक आले आहेत. फाटक किती वाजता बंद करता, असे त्यांनी विचारले. हा म्हणाला, उजेड जाईल तसं, अंदाजानं. गेल्या महिन्यात त्या अंदाजात विणकामवाल्या आजी आत राहून गेल्या होत्या, ती तक्रार साहेबांच्या टेबलावर होतीच. साहेब म्हणाले, अंदाज नको, कागद हवा. कागद नसेल तर एक एप्रिलपासून बाग बारा महिने साडेपाचला बंद.

उन्हाळ्यात साडेसातपर्यंत उजेड असतो. तळ्याकाठच्या बाकावर बसून ही आणि मी तो जवळजवळ शेवटपर्यंत वापरत असू, मग तीन शब्दांसाठी घरी परतत असू. आजही मी तिथेच बसतो. साडेपाचला बाग बंद झाली तर उन्हाळ्याची संध्याकाळ मी कुठे ठेवू?

"कागद माझ्याकडे आहे," मी किल्लीदाराला म्हटले. कपाटातून अकरा वह्या काढून त्याच्यासमोर ठेवल्या. त्याने वरच्या वहीवर हात फिरवला, जणू गाईच्या पाठीवरून फिरवावा तसा.

११ जानेवारी

वह्या आहेत, पण वह्या म्हणजे वेळापत्रक नव्हे. ढगाळ दिवस आहेत, आजारपणाची भोके आहेत, एका पानावर डाळ सांडलेली आहे. पुढच्या वर्षीच्या प्रत्येक दिवसाला नेमकी वेळ कुठून आणायची?

शेवटी बाईला विचारावे लागले. बाई म्हणजे माझी धाकटी बहीण. बत्तीस वर्षे शाळेत गणित शिकवले. सारे गाव तिला बाई म्हणते, म्हणून मीही म्हणतो. दोन वर्षांपासून माझ्याकडे राहते. ती म्हणते माझी काळजी घ्यायला, मी म्हणतो तिला भांडायला कुणी उरले नाही म्हणून.

"अकरा वर्षं रोज दोनदा?" तिने वह्या चाळल्या. "दादा, तुझ्या हातून इतकं शिस्तीचं काम झालंय यावर माझा विश्वास बसत नाही."

"पहिली पाच वर्षं हिच्या धाकात झालं. नंतर सवयीनं."

"अक्षर मोठं झालंय तुझं शेवटी शेवटी."

"हात मोकळा झाला."

तिने पहिली आणि शेवटची वही शेजारी-शेजारी ठेवून पाहिली. मग म्हणाली, "बरं. पण मी काढीन तो आलेख, आणि तू मधे कविता म्हणणार नाहीस." मी कबूल केले. आजपुरते.

१६ जानेवारी

बैठकीच्या भिंतीवर बाईने आलेखाचे कागद जोडून चिकटवले आहेत. मी वहीतून दर आठवड्याचा एक दिवस वाचून दाखवायचा, तिने टिंब द्यायचे. अलीकडच्या वह्या मात्र तीच वाचते. माझे उच्चार सावकाश होतात म्हणे. खोलीत तिने शंभराचा दिवा आणून लावला आहे. विजेची ही उधळपट्टी मला पसंत नाही, पण घरात शांतता हवी.

टिंबे वाढत गेली तशी भिंतीवर एक लाट उठली. उन्हाळ्यात वर, हिवाळ्यात खाली, पुन्हा वर. बाईने पेन्सिल कानावर अडकवली आणि म्हणाली, "साइन."

मला शाळेतला साइन आठवतो, कपाळाला आठी घालून बसलेला. मी म्हटले, आपल्याकडे लोक म्हणतात की दिवस तिळातिळाने वाढतो, तेवढे गणित मला पुरे.

"तिळातिळानं नाही वाढत," बाई म्हणाली. "तिथंच चुकतं तुमचं कवी लोकांचं. बागेत झोपाळा बघितलास ना? वरच्या टोकाला काय करतो?"

"थबकतो."

"आणि मधे?"

"मधे सुसाट जातो."

"तसंच. हिवाळ्याच्या टोकाला दहा दिवस मोजलेस तर दिवस दोन मिनिटंसुद्धा वाढलेला नाही. तिथं तीळ ठीक आहे. पण मार्चच्या एकवीसला झोपाळा मधोमध असतो. तेव्हा दहा दिवसांत वीस मिनिटं. तिथं मूठ मूठ पडते."

ही नेहमी म्हणायची की मार्चमध्ये संध्याकाळ आपल्याला धावत भेटायला येते. तिला साइन ठाऊक नव्हता. ती तो खिडकीत बसून बघत होती.

१९ जानेवारी

बाईने सूत्र लिहून दिले. मी ते इथे माझ्या भाषेत उतरून ठेवतो, म्हणजे विसरणार नाही. आधी मधली रेघ: वर्षाचा सरासरी दिवस. त्या रेघेपासून झोका जास्तीत जास्त किती वर-खाली जातो: एकशेपंधरा मिनिटे. आणि झोका कुठे आहे ते सांगणारा साइन. एकवीस मार्चला शून्य धरायचे आणि दर दिवशी एक अंश पुढे सरकायचे. खरे तर एक अंशाहून किंचित कमी, कारण वर्षाचे दिवस तीनशेपासष्ट आणि वर्तुळाचे अंश तीनशेसाठ. दिवसाची लांबी निघाली की अर्धी दुपारच्या अलीकडे टाकायची, अर्धी पलीकडे. दुपारही वर्षभर थोडी मागेपुढे डुलते. तिचे डुलणे बाईने वह्यांतूनच काढले, सकाळ आणि संध्याकाळ यांच्या मधोमध.

"रोज एक अंश," मी म्हटले. "माणसाचंही असंच असायला हवं."

"तू आज किती अंश सरकलास?" बाईने विचारले. "चहा पुन्हा कपाऐवजी बशीत ओतलास."

नव्या कपांची तोंडे अरुंद आहेत, त्याला मी काय करू.

जाता जाता तिने एक गोष्ट सांगितली. साइनला आपल्याकडे जुना शब्द 'ज्या', म्हणजे धनुष्याची दोरी. गणितात धनुष्य होते आणि बत्तीस वर्षांत माझ्या बहिणीने मला ते सांगितले नाही.

२३ जानेवारी

आज मला रडू आले. कारण नीट लिहून ठेवतो.

बाईने प्रत्येक वर्षाची मधली रेघ वेगळी काढली. झोका दरवर्षी तेवढाच, एकशेपंधरा मिनिटे, एकशेसोळा, एकशेचौदा. पण मधली रेघ? पहिली पाच वर्षे बारा तास पन्नास मिनिटांवर ताठ. ही गेली त्या वर्षी सेहेचाळीस. मग एक्केचाळीस. मग तेहतीस, पंचवीस, सोळा. आणि गेल्या वर्षी बारा तास दहा. अख्खी लाट पायऱ्या उतरावी तशी उतरत आली आहे.

ही गेल्यापासून दिवस लहान झाले, असे मी येता-जाता म्हणतो. लोक मान डोलावतात, म्हाताऱ्याचे बोलणे म्हणून सोडून देतात. आता ते भिंतीवर आहे. चाळीस मिनिटे. माझ्या रोजच्या दिवसातून चाळीस मिनिटे ती बरोबर घेऊन गेली.

मी बाईला तसे म्हटले. तिने पेन्सिल खाली ठेवली. म्हणाली, "दादा, वेळापत्रक आपण वहिनीच्या पाच वर्षांवरून करू. ती वर्षं सरळ आहेत."

"आणि नंतरचे दिवस दिवस नव्हते? आजचं फाटक आजच्या उजेडावर बंद व्हायला हवं. गेल्या वर्षीचीच रेघ धर."

"ऐक माझं."

"गणित तुझं, दिवस माझे."

ती पदराने चष्मा पुसत स्वयंपाकघरात गेली. रोखठोक बाई, पण भावजयीचे दुःख तिलाही झाले असणार. मला आधी लक्षात आले नाही.

३० जानेवारी

अधीक्षकांकडे गेलो. माणूस तरुण आहे, टेबल स्वच्छ, पेन एका रेघेत लावलेली. वेळापत्रकाचा गठ्ठा त्यांनी वजन केल्यासारखा हातात धरला.

"हे तुम्ही केलंत, आजोबा?"

"निरीक्षण माझं, गणित या बहिणीचं." बाई शेजारी पिशवी मांडीवर घेऊन बसली होती, परीक्षेला बसल्यासारखी.

"ठीक. दहा फेब्रुवारीपासून फाटक तुमच्या कागदाप्रमाणे. एकवीस मार्चला मी स्वतः बघायला येईन. बरोबर असेल तर कायमचं. नसेल तर साडेपाच, आणि त्यावर पुन्हा बोलणं नाही."

बाहेर आल्यावर बाई म्हणाली, "अजूनही रेघ बदलता येईल." मी ऐकले न ऐकलेसे केले.

१० फेब्रुवारी

फाटकावर पाटी लागली: आज बाग बंद होण्याची वेळ ५.५३. रोज आकडा बदलायचा. किल्लीदाराने आकड्यांच्या पत्र्याच्या पट्ट्या केल्या आहेत आणि त्या खिशात खुळखुळवत फिरतो. पाच त्रेपन्नला त्याने घंटा वाजवली. तळ्यावरून आवाज गेला तेव्हा मला चौथीच्या वर्गातली सुटीची घंटा आणि तिच्यानंतरची ती सायंकाळची कविता, दोन्ही एकदम आठवल्या. अंधार पडत आला होता. लोक मात्र उठायला वेळ लावत होते. मला वाटले, कौतुकाने थांबले असतील.

१७ फेब्रुवारी

कौतुक नव्हते. किल्लीदार सांगत होता, लोक भांडतात. "काका, लोक म्हणतात उजेड असताना हाकलता. पेपर वाचणारे तर उठतच नाहीत. म्हणतात, बातमी अर्धी राहिली."

मी म्हटले, सध्याच्या पेपरात वाचण्यासारखे काय असते. शाईची प्रत इतकी घसरली आहे की भर दुपारीसुद्धा अक्षर पुसट. आमच्या छापखान्यात छापील पानांचा असा फर्मा मी परत पाठवला असता.

किल्लीदार बाईकडे बघू लागला, बाई किल्लीदाराकडे. दोघांचे अलीकडे फार जमते.

२४ फेब्रुवारी

झाले तसे लिहितो.

पाटीवर सहा चार. किल्लीदाराने घंटा वाजवली. माझ्या शेजारच्या बाकावर शिंपी बसला होता, माझ्याच वयाचा, दुकान मुलाला देऊन आता बागेत येऊन बटणे लावतो. तो उठेना. पाचसहा जण भोवती जमले.

"शिंपीबुवा, वेळ झाली," मी म्हटले.

"कुणाची? माझी तर अजून झाली नाही." त्याने सुई वर धरली, दोरा जिभेवर ओला केला आणि ओवला. एका झटक्यात. "हे बघा मुद्रितशोधक. सुईत दोरा जातोय आणि तुम्ही म्हणता रात्र झाली. तुमचा सूर्य सरकारी नोकरीत आहे काय, वेळेआधी घरी जायला?"

लोक हसले. मला राग आला. मी म्हटले, ही हातचलाखी आहे, ओवलेली सुई तुम्ही आधीच आणली असेल. त्याने दोरा ओढून काढला आणि सुई माझ्या हातात दिली.

"ओवा."

मी सुई धरली. म्हणजे बोटांना ती लागत होती. डोळ्यांसमोर बोटांची दोन टोके होती आणि मधे काही नव्हते. दोरा पुढे नेला तो अंगठ्याला लागला. पुन्हा नेला. मग सुई टोचली.

हसणे कधी थांबले ते कळले नाही. शिंप्याने माझ्या हातातून सुई हळूच काढून घेतली आणि वेगळ्याच आवाजात म्हणाला, "असू द्या. सुई बारीकच आहे."

त्याने दया दाखवली तेव्हा मला कळले.

२५ फेब्रुवारी

आज तीन शब्द एकदाही वाचले नाहीत. अकरा वर्षांत पहिल्यांदा, आजारी नसताना.

२६ फेब्रुवारी

सकाळी बाईला विचारले, "तुला कधीपासून माहीत होतं?"

"मधली रेघ काढली त्या दिवसापासून नक्की. संशय आधीचा. चहाचा."

"मग बोलली का नाहीस?"

"तू म्हणालास, वहिनी चाळीस मिनिटं घेऊन गेली." ती भाजी निवडत होती, वर पाहिले नाही. "त्यावर मी काय म्हणू? नाही दादा, तुला मोतीबिंदू झालाय? हे मला पोरांना शून्य देण्याइतकं सोपं नाही."

आम्ही दोघे भिंतीसमोर उभे राहिलो. ती समजावू लागली. डोळा दोन्ही बाजूंनी दिवस खातो: सकाळी वीस मिनिटे उशिरा उगवतो, संध्याकाळी वीस मिनिटे लवकर मावळतो. म्हणून चाळीस. झोका तेवढाच राहिला, दुपार जागेवर राहिली, फक्त सगळी लाट खाली बसली. "तुझं एकही निरीक्षण खोटं नाही," ती म्हणाली. "इतक्या निष्ठेनं केलंस म्हणून तर दिसलं. आळशी माणसाच्या वहीत मोतीबिंदू सापडला नसता."

मला काय वाटले ते फक्त इथेच लिहितो. मला डोळे बरे व्हायला नको होते. बरे झाले तर ही गेल्याने माझे काहीही लहान झाले नाही, असे ठरेल.

बाईला मी हे बोललो नाही. पण ती म्हणाली, "वहिनीनं तुझ्या हातात वही कशासाठी दिली होती? दिवस बघायला. तिची बाग साडेपाचला बंद होऊ द्यायची का, तेवढं सांग."

मोतीबिंदू. आजाराला इतके देखणे नाव द्यावे तर आपल्या भाषेनेच.

२ मार्च

अधीक्षकांपुढे उभा राहून सांगितले: वेळापत्रक चुकले आहे, सूर्याचे काही चुकले नाही, माझे डोळे गेले आहेत. अडतीस वर्षे दुसऱ्यांच्या चुका दाखवून पोट भरले. स्वतःची दाखवताना शब्द कमी पडले.

त्यांनी पेन सरळ केले. "मग आता?"

बाईने नवा गठ्ठा पुढे सरकवला. "यात मधली रेघ वर घेतली आहे. ही पाच वर्षं माझ्या वहिनीच्या डोळ्यांची आहेत."

"त्या येऊन सांगू शकतील?"

"सांगून ठेवलंय तिनं. अठराशे संध्याकाळी."

त्यांनी पाने उलटली. माझ्या वहीतले एक पानही मागून घेतले, डाळ सांडलेले. ते पाहून प्रथमच थोडे हसले. "एकवीस मार्च बदलणार नाही, आजोबा. त्या दिवशी दिवस आणि रात्र सारखी असते ना? बघणं सोपं जाईल."

"सारखी नसते," बाई म्हणाली. "सूर्य यायच्या आधी आणि गेल्यानंतरही वाचण्यापुरता उजेड असतो. तो धरला तर दिवस बारा तास पन्नास."

साहेबांनी ते लिहून घेतले. बाईसमोर सगळेच लिहून घेतात.

७ मार्च

(हे मी, बाई, लिहीत आहे. काल दादाच्या उजव्या डोळ्याची शस्त्रक्रिया झाली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, इतका पिकलेला मोतीबिंदू घेऊन आजोबा वाचत कसे होते? मी म्हटले, वाचत नव्हते, ओळखत होते. दादाचा आग्रह आहे की त्याने सांगितलेले जसेच्या तसे लिहावे. त्याने सांगितले: "पट्टीखाली मला शाळेच्या सगळ्या कविता क्रमाने आठवल्या." हे खरे आहे. त्याने त्या म्हटल्याही. शेजारच्या खाटेवरच्या गृहस्थांनी खोली बदलून मागितली.)

१४ मार्च

पट्टी निघून आठवडा झाला. तात्पुरता चष्मा मिळाला आहे. आज वाचायची-लिहायची परवानगी मिळाली.

घरी आल्यापासून मी वेड्यासारखा फिरतो आहे. पडदे निळे आहेत. मी ते राखाडी समजत होतो. बाईचे केस पार पांढरे झाले आहेत, हे मला कुणी सांगितले नाही. पेपरची शाई उत्तम आहे. मी त्या छापखान्याची मनात क्षमा मागितली. कपांची तोंडेही चांगली रुंद आहेत.

संध्याकाळी कोश घेऊन खिडकीशी बसलो. बाई घड्याळ घेऊन समोर. सहा वाजले. सव्वासहा, म्हणजे एरवी माझा दिवस आटोपायची वेळ. मी बोट ठेवले: "पहाट, पहारा, पहिलटकरीण." सहा पंचवीस: "लवण, लवलेश, लवाजमा." उजेड संपतच नव्हता. ही होती तेव्हाची ती लांबलचक संध्याकाळ तशीच्या तशी खिडकीबाहेर उभी होती, जणू सहा वर्षे कुणी दार उघडण्याची वाट पाहत.

सहा छत्तीसला अक्षरे विरघळली. बाईने कागद पाहिला. हिच्या रेघेवरून आजची वेळ: सहा सदतीस.

"एका मिनिटाची चूक," मी म्हटले.

"तुझा चष्मा तात्पुरता आहे," बाई म्हणाली. बत्तीस वर्षांच्या नोकरीत तिने दिलेला हा एकमेव वाढीव गुण असावा.

२१ मार्च

शून्य अंश. झोपाळा मधोमध.

बागेत एवढी माणसे मी कधी पाहिली नव्हती. पेपर वाचणारे, विणकामवाल्या आजी, शिंपी, बातमी कळलेले आणि न कळलेले. पाटीवर ६.४२. किल्लीदाराने पट्ट्या सकाळीच लावून ठेवल्या होत्या आणि दिवसभर त्या पुसत होता. आभाळ स्वच्छ होते.

अधीक्षक सव्वासहाला आले. खिशातून एक घडी घातलेला कागद काढला: औषधाच्या खोक्यातला, मुंगीएवढ्या अक्षरांचा. "माझी परीक्षा," म्हणाले आणि तळ्याकाठी, नेमके आमच्या बाकावर बसले. बसायचे तर तिथूनच बघायला हवे होते.

साडेसहा. ते वाचत होते. सहा पस्तीस. वाचत होते. माझ्या मनात बाईची गणिते, हिच्या वेळा आणि चौथीची कविता यांचा एकच गोंधळ चालला होता. सहा अडतीसला शिंप्याने सुई ओवली आणि सगळ्यांना दाखवली. मग दोरा काढला आणि माझ्याकडे वळला.

"या मुद्रितशोधक. उधारी फेडा."

कुणी हसले नाही. मी सुई घेतली. या वेळी बोटांच्या मधे एक चमकती रेघ होती आणि तिच्या टोकाला एक भोक, एवढे मोठे की त्यातून तळे दिसावे. दोरा पहिल्या खेपेला गेला. माझा मलाच विश्वास बसेना म्हणून मी तो काढून पुन्हा ओवला. शिंप्याने पाठीवर अशी थाप मारली की नवा डोळा बाहेर पडतो की काय असे वाटले.

सहा चाळीस. अधीक्षकांनी कागद डोळ्यांजवळ नेला. सहा एक्केचाळीस. कागद पश्चिमेकडे तिरपा केला. शिंपी सुईवर वाकला, दोरा एकदा चुकला, दुसऱ्यांदा चुकला.

"गेलं भोक," तो म्हणाला.

साहेबांनी कागदाची घडी घातली आणि मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिले. किल्लीदार घंटेची दोरी धरून उभा होता, त्यांच्या तोंडाकडे बघत.

"बघता काय," साहेब म्हणाले. "वाजवा. बेचाळीस झाले."

घंटा झाली. लोक उठले, भांडण नाही, तक्रार नाही, सगळे त्याच क्षणी आपले-आपले वाचन मिटवत होते. विणकामवाल्या आजी सर्वांत आधी फाटकाशी. अधीक्षक बाईजवळ आले आणि म्हणाले, पाटी आता लाकडाची करू, पक्की, बाराही महिन्यांची. साडेपाचचा हुकूम त्यांनी खिशातच आणला होता. तो फाडून त्यांनी तुकडे कचऱ्याच्या डब्यात टाकले. बागेचा माणूस आहे, खाली टाकले नाहीत. मग मला विचारले, "आजोबा, त्या अठराशे संध्याकाळी तुमच्या सौभाग्यवतींनी मोजल्या, त्या कुठं बसून?"

"घरी खिडकीत. पण आधी इथं यायची," मी म्हटले. "तुम्ही बसला होता तिथं."

त्यांनी बाकाकडे वळून पाहिले आणि, का कोण जाणे, जागा हाताने झटकली.

किल्लीदाराने फाटक लावताना जुडगा माझ्या हातात दिला. आजची किल्ली मी फिरवली. उन्हाळ्यात हे फाटक साडेसातच्याही पुढे मिटेल, हिवाळ्यात पावणेसहाच्या सुमारास, आणि प्रत्येक दिवशी हिला जितके दिसत होते तितकेच या गावाला दिसेल.

२२ मार्च

सकाळी पाच वाजून एक्कावन्न मिनिटांनी पहिले तीन शब्द. बाई अजून झोपली होती, उठवले नाही.

भिंतीवरचा आलेख आज उतरवायचा होता. बाई काल म्हणाली, खाली बसलेली सहा वर्षे खोडून टाकू का, चुकीची आहेत. मी नको म्हटले. ती चुकीची नाहीत. सूर्य रोज पुरता येत होता, मी कमी उचलून घेत होतो, एवढेच. ही काहीच घेऊन गेली नव्हती. सगळे इथेच ठेवून गेली होती, मोजून.

गुंडाळण्याआधी मी आलेखाच्या कोपऱ्यात, छापखान्यात शेवटच्या फर्म्यावर लिहायचो तसे, लाल शाईने लिहिले आणि खाली सही केली:

तपासले. छापण्यास हरकत नाही.